दुर्बिणीवाली फ्लॉरेन्स

१८८०च्या दशकात अमेरिकेत पिसं खोचलेल्या हॅट्सचं जबरदस्त फॅड होतं. कॉलेजच्या मुलीही मागे नव्हत्या. स्मिथ कॉलेजात शिकणाऱ्या फ्लॉरेन्स मेरियमला हे खुपायचं. पण नुसतं भाषण ठोकून कोण ऐकतंय? तिनं १८८६मध्ये कॉलेजात पक्षीमंडळ काढलं आणि मैत्रिणींना थेट रानात, कुरणात नेलं. झुडपात गाणारा पक्षी एकदा ओळखीचा झाला, की त्याचे पंख डोक्यावर मिरवायला मन धजावेल का?

तेव्हा पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे आधी गोळी घालायची, मग निरीक्षण! फ्लॉरेन्सनं बंदुकीऐवजी नाटक बघायची छोटी दुर्बीण उचलली. ती घेऊन नवख्यांनी पक्षी कसे ओळखायचे, यावर तिनं ऐन पंचविशीत पुस्तक लिहिलं. ते १८८९मध्ये आलं.

पुढे क्षयाची शंका आली. हवापालटाला ती पश्चिमेकडे गेली आणि कॅलिफोर्नियात चक्क घोड्यावरून घरटी शोधत हिंडली. न्यू मेक्सिकोच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी १९३१मध्ये ब्रूस्टर पदक मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

आणि डिग्री? विशेष विद्यार्थिनी असल्यानं ती राहूनच गेली होती. (एटीकेटीवाल्यांनो, ऐकताय ना?) कॉलेजनं ती दिली १९२१मध्ये, फ्लॉरेन्स साठीकडे झुकल्यावर.