टूर्नामेंट खेळून पोट भरणारा पोरगा थेट इंग्लंडचा कारभारी झाला होता

गावात टेनिस बॉलची टूर्नामेंट, तालुक्याला कबड्डीची टूर्नामेंट. हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की तो परका वाटतच नाही. पण मूळ टूर्नामेंटमध्ये बॉलही नव्हता आणि चढाईही नव्हती. तिथं होते घोडे, भाले आणि खंडणी.

शब्द आला जुन्या फ्रेंचमधून. त्याच्या मुळाशी वळणं, फिरणं असा अर्थ आहे. घोडेस्वारांनी समोरच्यांवर तुटून पडायचं, त्यांच्या रांगेतून आरपार जायचं आणि घोडा वळवून परत हल्ला करायचा, असा हा खेळ. सिनेमात दोन चिलखतवाले भाले रोखून एकमेकांवर येतात, त्याला जाउस्ट म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या 'जवळ' या अर्थाच्या शब्दापासून निघालाय. म्हणजे आपलं भिडणंच.

बाराव्या शतकात मात्र खरा मामला होता तो सांघिक टूर्नामेंटचा. ती दोन गावांच्या मधल्या शेताशिवारात व्हायची. मारणं हा उद्देश नसायचा, समोरच्याला पकडायचं असायचं. जो पकडला जाईल त्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, वर सुटकेचे पैसे वेगळे. आणि या धंद्यात सगळ्यात मोठं नाव कमावलं विल्यम मार्शल यानं.

विल्यमचा जन्म साधारण 1147 चा. मार्शल हे घराण्याकडं असलेलं राजदरबारातलं पद. या शब्दाचा मूळ अर्थ घोड्यांचा चाकर. तेव्हा इंग्लंडच्या गादीसाठी यादवी पेटलेली. 1152 मध्ये राजा स्टीफननं न्यूबरीच्या गढीला वेढा घातला, तेव्हा विल्यमच्या बापानं पाच वर्षांच्या पोराला ओलीस दिलं आणि शब्द मोडला. पोराला फासावर देऊ, असा निरोप गेला. बापानं उलट कळवलं की, याच्याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण आपल्याकडं शाबूत आहे.

स्टीफनला काही ते पोर मारवलं नाही. त्याच्या चरित्रात तर असंही येतं की, राजा तंबूत बसून त्याच्यासोबत रोपांच्या दांड्यांची लुटुपुटूची लढाई खेळत होता.

धाकटा मुलगा असल्यामुळं विल्यमच्या वाट्याला जमीन येणार नव्हती. तो नॉर्मंडीत एका नातेवाईक सरदाराकडं लढाई शिकला आणि विशीत नाइट झाला. पहिल्याच लढाईत घोडा गमावला, कमाई शून्य. नाइटकडं घोडा नाही म्हणजे ड्रायव्हरकडं गाडी नाही. पुढं टूर्नामेंटमध्ये उतरला, पकडापकडी केली आणि एकदम घोडेच घोडे. तिथून गड्याला धंदा कळला.

1170 पासून तो इंग्लंडच्या तरुण युवराज हेन्रीचा शस्त्रगुरू झाला आणि उत्तर फ्रान्समधल्या टूर्नामेंट गाजवू लागला. एका जोडीदारासोबत त्यानं चक्क भागीदारी केली, कमाई वाटून घ्यायची. युवराजाच्या मुदपाकखान्यातल्या कारकुनानं हिशोब ठेवला होता, त्यानुसार दोघांनी दहाएक महिन्यांत 103 नाइट पकडले. एकदा तर बक्षीस द्यायला लोक विल्यमला शोधत फिरले, तर हा लोहाराकडं ऐरणीवर डोकं टेकवून बसलेला. शिरस्त्राण ठोके खाऊन इतकं चेपलं होतं की डोक्यातून निघेना!

चर्चला हा खेळ अजिबात मान्य नव्हता. टूर्नामेंटमध्ये मेलेल्याला ख्रिस्ती दफन मिळणार नाही, असं 1130 मध्येच ठरलं होतं. थांबलं कुणीच नाही.

युवराज 1183 मध्ये वारला. 1189 मध्ये विल्यमचं लग्न इझाबेल द क्लेअर या श्रीमंत वारसदारणीशी झालं आणि इंग्लंड, वेल्स, आयर्लंडमधल्या जमिनी हाताशी आल्या. राजा जॉन 1216 मध्ये मेला तेव्हा त्याचा मुलगा अवघा नऊ वर्षांचा, अर्धा देश बंडात आणि फ्रेंच फौजा घरात. कारभार आला सत्तरीच्या विल्यमकडं. 1217 मध्ये लिंकनच्या लढाईत म्हातारा स्वतः घोड्यावर होता. घाईत शिरस्त्राणच विसरला, तेही कुणीतरी आठवण करून दिल्यावर घातलं. लढाई जिंकली आणि पोराची गादी वाचली.

1219 मध्ये तो अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याच्या एका नाइटनं पाद्र्यांची शिकवण सांगितली की, लुटलेलं परत केल्याशिवाय मोक्ष नाही. विल्यम म्हणाला की, आपण आयुष्यात 500 नाइट पकडले, त्यांचे घोडे आणि सामान ठेवून घेतलं, ते आता परत करणं शक्य नाही. एवढ्यासाठी स्वर्गाचं दार बंद होणार असेल तर कुणीच वाचणार नाही आणि हे पाद्री आपल्याला जरा जास्तच तासतायत.

14 मे 1219 ला तो गेला. दफन झालं लंडनच्या टेंपल चर्चमध्ये, अगदी रीतसर.