एम्सचे पहिले संचालक डॉ. दीक्षित
दिल्लीत एम्स माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पण या संस्थेचे पहिले संचालक मराठी होते हे आमच्या वसतिगृहातल्या महाराष्ट्राच्या मुलांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी मेंदूवर केलेले संशोधन तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे, आणि मला तेच जास्त मोठे वाटते.

डॉ. भालचंद्र दीक्षित यांचा जन्म १९०२ साली अमरावतीला झाला. डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटण्याऐवजी ते संशोधनाकडे वळले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी डॉ. रामनाथ चोप्रा यांच्याबरोबर औषधांचा अभ्यास केला आणि पुढे ते एडिंबरोला गेले. तिथल्या औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते ए. जे. क्लार्क. औषध पेशीवर नेमके कुठे आणि किती बसते, याचा हिशेब मांडणारे म्हणून ते प्रसिद्ध होते.

तेव्हा शास्त्रज्ञांत एक वाद रंगला होता. मज्जातंतूचा निरोप पुढच्या पेशीला विजेने मिळतो की रसायनाने? ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की हृदयाची गती कमी करणारी नस एक रसायन सोडते. ते ॲसिटिलकोलीन निघाले. हृदयाचे ठीक आहे, पण मेंदूचा कारभार इतका झटपट चालतो की तिथे वीजच असणार, असे अनेक मोठ्या शास्त्रज्ञांचे मत होते.

दीक्षितांनी थेट मेंदूतच पाहायचे ठरवले. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. मांजराच्या या पोकळ्यांत त्यांनी अगदी सूक्ष्म मात्रेत ॲसिटिलकोलीन सोडले, तर श्वास मंदावला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसजवळ ते दिले, तर मांजर झोपल्यासारखे होई. शिवाय मेंदूच्या अर्कातही हा पदार्थ सापडला. म्हणजे तो बाहेरचा पाहुणा नव्हता, घरातलाच होता! हे संशोधन १९३४ साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त छापून आले. वीजवाद्यांचे पुढारी जॉन एकल्स यांनी आपले मत बदलले ते १९५१ च्या सुमारास.

ॲसिटिलकोलीन ओळखणारी प्रथिने पेशीच्या आवरणात बसलेली असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे पाच तुकड्यांचे दारच. ॲसिटिलकोलीन चिकटले की ते उघडते आणि सोडियमचे कण आत शिरतात. मस्कारिनिक रिसेप्टर दार उघडत नाही. तो आवरणातून सात वेळा आरपार गेलेला असतो आणि आतल्या दुसऱ्या प्रथिनाला कामाला लावतो. याचे पाच उपप्रकार आहेत. त्यांतला एम-१ मेंदूत भरपूर असतो आणि शिकण्या-आठवण्यात त्याचा भाग आहे. सरीन या विषारी वायूने शरीरात ॲसिटिलकोलीन साचत जाते. तेव्हा सैनिकाला ॲट्रोपीन टोचतात, कारण ते याच मस्कारिनिक रिसेप्टरवर जागा अडवून बसते. दीक्षितांच्या प्रयोगाच्या वेळी यातले एकही प्रथिन कोणी वेगळे काढलेले नव्हते.

परतल्यावर मुंबईच्या हाफकिन संस्थेत त्यांनी ॲसिटिलकोलीनवरचे काम चालू ठेवले. मग ते पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५६ मध्ये दिल्लीला आले. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या प्रयत्नातून एम्स नुकतीच जन्मली होती. १९५८ पर्यंत दीक्षित संचालक होते. नवी संस्था उभी करायची म्हणजे शिक्षक निवडायचे, वर्ग चालू करायचे, फायली हातावेगळ्या करायच्या. माझ्या मित्राचे म्हणणे, असा माणूस खुर्चीत बसवून देशाने एक शास्त्रज्ञ गमावला. मला ते पटत नाही. त्याच एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग डॉ. बी. के. आनंद यांनी उभारला आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता हायपोथॅलॅमस.