विश्लेषण : थंडीत उभी केलेली गाडी खाली का बसते? उत्तर १७८३च्या फुग्यात

मुलुंडहून शनिवारी दुपारी निघालेली एअर सस्पेन्शनची गाडी रात्री निफाडला मुक्कामी थांबते. पहाटे पारा पाच अंशांवर येतो. सकाळी पाहावे तर गाडी बसलेली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली चार बोटांची फट अडीच बोटांवर आलेली. गाडी सुरू केली की कंप्रेसर घरघरतो आणि थोड्या वेळात गाडी पुन्हा उंच होते. तरीही मालकाच्या डोक्यात एकच विचार येतो, आता किती हजारांचा फटका?

बहुतेक वेळा फटका शून्य रुपयांचा असतो. यामागचे कारण ज्याने शोधले, त्याचे नाव आपण अकरावीला पाठ केलेले असते : जाक चार्ल्स.

कोण होता हा चार्ल्स?

जन्म १२ नोव्हेंबर १७४६, फ्रान्समधल्या बोजांसी या गावचा. शास्त्रज्ञ वगैरे नव्हता. पॅरिसला अर्थखात्यात कारकुनी करत होता. खर्चकपातीत नोकरी गेली. त्या काळात पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या विजेच्या प्रयोगांनी त्याला झपाटले होते. मग त्याने भौतिकशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि १७८१ पासून लोकांसमोर प्रयोग करून दाखवणारी व्याख्याने द्यायला लागला. त्याचे गणित बेताचे होते, पण हात सफाईदार. (त्याच्या नावावर सांगितले जाणारे गणिती निबंध बहुधा त्याच आडनावाच्या दुसऱ्या चार्ल्सचे आहेत. हा घोळ बरीच वर्षे चालला.)

१७८३च्या जूनमध्ये मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा उडवला. चार्ल्सने ठरवले, आपण हायड्रोजन वापरायचा. तो हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका. अडचण अशी की तो कापडातून निसटतो. रोबेर बंधू या कारागिरांनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून ते रेशमावर चढवले. आज गाडीखाली असते त्या रबरी पिशवीचे हे लांबचे पूर्वज म्हणता येईल.

फुगा भरतो, पण फुगत नाही

खरी गंमत फुगा भरताना झाली. अर्धा टन भंगार लोखंडावर जवळपास पाव टन सल्फ्युरिक आम्ल ओतून हायड्रोजन तयार केला आणि शिशाच्या नळ्यांतून फुग्यात सोडला. वायू तापलेला होता. फुग्यात जाऊन थंड झाला की आकसायचा. भरलेला फुगा पुन्हा सुरकुतायचा. मग आणखी लोखंड, आणखी आम्ल. जेमतेम ३५ घनमीटरचा फुगा भरायला काही दिवस गेले.

निफाडला उभ्या गाडीखाली जे होते, ते हेच.

२७ ऑगस्ट १७८३ रोजी शाँ द मार्स मैदानातून, म्हणजे आज आयफेल टॉवर आहे तिथून, तो रिकामा फुगा उडाला. गर्दीत फ्रँकलिनही होता. पाऊण तासाने फुगा वीसेक किलोमीटरवरच्या गोनेस गावात उतरला. गावकऱ्यांना वाटले, काहीतरी अघोरी आले. त्यांनी दाताळी घेऊन त्याच्या चिंध्या केल्या.

१ डिसेंबरला चार्ल्स स्वतः चढला, सोबत धाकटा रोबेर. दोन तासांत ३६ किलोमीटर गेल्यावर सूर्यास्ताला ते खाली आले. रोबेर उतरला, वजन कमी झाले आणि एकटा चार्ल्स सरसर तीन हजार मीटरच्या आसपास गेला. मावळलेला सूर्य त्याला पुन्हा दिसला. कडाक्याची थंडी होती, कानात असह्य कळ आली. झडप उघडून वायू सोडत तो खाली उतरला. पुन्हा आयुष्यात कधीही फुग्यात बसला नाही.

नियम सापडला, छापला मात्र नाही

१७८७च्या सुमारास त्याने ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि साधी हवा तापवून पाहिली. सगळे वायू सारखेच प्रसरण पावले. एवढी मोठी गोष्ट हाती लागली आणि या गृहस्थाने ती प्रसिद्धच केली नाही! १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतः काटेकोर मोजमाप करून हा नियम छापला, तेव्हा चार्ल्सने हे पंधरा वर्षांपूर्वी पाहिले होते, असे प्रामाणिकपणे नोंदवले. म्हणून नाव चार्ल्सचे राहिले. दुसऱ्याचे श्रेय स्वतःहून लिहिणारा माणूस भेटणे हेही नशीबच.

चार्ल्स ७ एप्रिल १८२३ रोजी पॅरिसमध्ये वारला. फ्रेंच साहित्याच्या वाचकांना तो वेगळ्याच नात्याने माहीत आहे : त्याची तरुण पत्नी ज्युली ही कवी लामार्तिनची प्रेयसी.

मग गाडीचे गणित काय?

दाब तोच राहिला तर वायूचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. उभ्या गाडीचे वजन बदलत नाही, म्हणून रबरी पिशवीतला दाबही जवळपास तोच राहतो. (ही पिशवी म्हणजे स्टीअरिंगमधली एअरबॅग नव्हे.) टायरचे वेगळे. त्याचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून थंडीत तिथे दाब उतरतो.

हायवेवर धावून पिशवीतली हवा ४५ अंशांवर गेली आणि पहाटे ५ वर आली असे धरू. ३१८ वरून २७८, म्हणजे साडेबारा टक्के घट. हवेचा स्तंभ २० सेंटिमीटरचा असेल तर अडीच सेंटिमीटर गेले. पिशवीचा आकार सरळ नळीसारखा नसल्याने प्रत्यक्षात आकडा थोडा इकडेतिकडे होईल.

आता अंधेरीत या. दुपारी ३०, पहाटे १६. घट साडेचार टक्के, म्हणजे जेमतेम ९ मिलिमीटर. डोळ्याला कळणारही नाही. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तसे पुन्हा झाले तरी गाडी जमिनीला टेकणार नाही.

म्हणून घाटकोपरच्या सोसायटीत रात्रभर उभी राहून गाडी पार खाली बसत असेल, किंवा एकच कोपरा झुकत असेल, तर चार्ल्सला दोष देऊ नका. ती गळती आहे. पिशवीला चीर असेल, नळीचा सांधा किंवा व्हॉल्व्ह सैल असेल. थंडीत रबर कडक होते, त्यामुळे जुनी गळती तेव्हा जास्त जाणवते. काही गाड्या बंद असतानाही सर्वांत खालच्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतात. त्यामुळे चारही बाजू सारख्या बसल्या म्हणजे गळती नाहीच, असे धरून चालू नका. पिशवी बदलायचा खर्च मान्य करण्याआधी मेकॅनिकला साबणाचे पाणी लावून बुडबुडे दाखवायला सांगा, पंक्चरवाला दाखवतो तसे.