मारिओ पुझो : आईच्या आवाजात बोलणारा डॉन

इटालियन माफियाचे नाव निघताच जगभरातील वाचक-प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक आकृती उभी राहते. अंधारलेल्या खोलीत बसलेला, हळू आवाजात बोलणारा, दारी आलेल्याचे काम करून देणारा आणि त्या उपकाराची परतफेड केव्हातरी मागून घेणारा एक वृद्ध. 'द गॉडफादर' या कादंबरीतून ही आकृती उभी करणारे मारिओ पुझो यांची ते पुस्तक लिहीपर्यंत एकाही खऱ्या डॉनशी ओळख नव्हती. डॉन कोर्लिओनेचा आवाज त्यांना आपल्याच घरात सापडला. तो त्यांच्या निरक्षर आईचा होता.

पुझो यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९२० रोजी न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या पश्चिमेकडील 'हेल्स किचन' या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. आईवडील दक्षिण इटलीतील आवेल्लिनो प्रांतातून, म्हणजे नेपल्सच्या बाजूच्या डोंगराळ मुलखातून आलेले. माफियाची जन्मभूमी असलेल्या सिसिलीशी या कुटुंबाचे काही नाते नव्हते. वडील अंतोनिओ न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेत रुळांची देखभाल करणारे मजूर होते. मारिओ बारा वर्षांचा असताना त्यांना मनोविकाराने ग्रासले आणि पिल्ग्रिम स्टेट या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. सात मुलांचा संसार मारिया या माउलीवर येऊन पडला. ते दिवस महामंदीचे होते. तिने तो संसार निभावला, मुलांना उपाशी ठेवले नाही आणि कोणालाही वाया जाऊ दिले नाही. तिचा शब्द घरात अखेरचा असे. माया अपार होती, पण दराराही तेवढाच होता.

या आईचे मुलाविषयीचे स्वप्न माफक होते. नवऱ्याने ज्या रेल्वेत रूळ ठोकले, त्याच रेल्वेच्या कचेरीत मारिओने कारकून व्हावे, एवढीच तिची इच्छा. ज्या घराण्यात पिढ्यानपिढ्या कोणाला अक्षरओळख नव्हती, तिथला मुलगा लेखक होऊ म्हणतो, हे तिला वेडेपणाचेच लक्षण वाटले. मारिओ मात्र वस्तीतील हडसन गिल्ड या सेवाभावी संस्थेतून मिळणाऱ्या पुस्तकांत रमला होता. पुढे दोस्तोव्हस्कीच्या कादंबऱ्या हाती आल्या आणि आपल्याला काय करायचे आहे, हे त्याच्या मनात पक्के झाले. त्या वयात आजूबाजूचे इटालियन लोक त्याला अडाणी आणि राकट वाटत. मोडके इंग्रजी बोलणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांपासून आणि त्या वस्तीपासून दूर जाण्यातच आपली सुटका आहे, अशी त्याची समजूत होती. परक्या देशात पोट भरण्यासाठी आलेल्या त्या माणसांनी किती सोसले होते, हे कळायला मध्ये बरीच वर्षे जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांना वस्तीबाहेर नेले. अमेरिकेच्या हवाई दलातून ते जर्मनीत पोहोचले. तिथेच एरिका या जर्मन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. न्यूयॉर्कला परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सवलतीतून त्यांनी पुढील शिक्षण घेतले आणि सरकारी कचेरीत नोकरी धरली. आईचे कारकुनीचे स्वप्न असे वेगळ्या वाटेने खरे झाले. १९५५ साली 'द डार्क अरीना' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. युद्धोत्तर जर्मनीतील उद्ध्वस्त जीवन हा तिचा विषय होता. परीक्षणे चांगली आली, पैसा आला नाही. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री पित्ताशयाच्या असह्य वेदनांमुळे ते टॅक्सीने रुग्णालयाकडे निघाले आणि उतरताना रस्त्याकडेच्या गटारात कोसळले. वयाच्या पस्तिशीत, प्रकाशित लेखक असूनही आपण कुत्र्याच्या मौतीने मरतो आहोत, हा विचार त्यांच्या मनाला चाटून गेला. कधीतरी श्रीमंत आणि प्रसिद्ध व्हायचेच, असा निश्चय त्यांनी त्या क्षणी केल्याचे ते पुढे सांगत.

तो निश्चय फळाला यायला चौदा वर्षे लागली. पाच मुलांचा खर्च आणि जुगाराचा नाद यांमुळे नोकरीचा पगार पुरत नव्हता. जोडीला ते पुरुषांसाठीच्या स्वस्त मासिकांत मारिओ क्लेरी या टोपणनावाने युद्धाच्या आणि साहसाच्या कथा भराभर लिहीत. वेगवान कथानक रचण्याचा हात इथेच बसला. मनातील कादंबरी मात्र वेगळी होती. 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम' या नावाने ती १९६५ मध्ये आली. लेखक होऊ पाहणाऱ्या एका हळव्या मुलाला, म्हणजे स्वतःलाच, नायक करण्याच्या बेताने त्यांनी ती लिहायला घेतली होती. पण लिहिता लिहिता आई पुढे सरसावली आणि साऱ्या पुस्तकाचा ताबा तिने घेतला. 'लुसिया सांता' या नावाने ती त्या कादंबरीत वावरते. वस्तीविषयी लहानपणी वाटलेल्या लाजेचे प्रायश्चित्तच जणू या पुस्तकात झाले. आपली सर्वांत चांगली कादंबरी हीच, असे पुझो अखेरपर्यंत मानत. समीक्षकांनीही तिची वाखाणणी केली.

वाचकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. दोन कादंबऱ्यांची मिळून कमाई ६,५०० डॉलर झाली. वय पंचेचाळीस आणि डोक्यावर सुमारे २०,००० डॉलरचे कर्ज. नातेवाईक, बँका, जुगाराचे बुकी, खासगी सावकार असे सगळेच देणेकरी. पुढील कादंबरीचा आराखडा प्रकाशकाने नाकारला. 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम'मध्ये माफियाचा एक किरकोळ धागा होता. तो थोडा वाढवला असता तर पुस्तक चालले असते, असा शेरा मात्र एका संपादकाने मारला. कष्टाने, इमानाने जगणाऱ्या स्थलांतरित विधवेची गोष्ट बाजारात खपत नव्हती. त्याच लोकांमधील गुन्हेगाराची गोष्ट खपणार होती. हा इशारा पुझो यांनी ओळखला. पटनम या प्रकाशनसंस्थेच्या संपादकांना त्यांनी तासभर माफियाच्या कथा ऐकवल्या आणि ५,००० डॉलरची आगाऊ रक्कम पदरात पाडून घेतली.

ऐकीव गोष्टी आणि छापील साधने हाच या लेखनाचा आधार होता. १९५० च्या दशकाच्या आरंभी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढील साक्षी दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचल्या होत्या. १९६३ मध्ये जो व्हलाची या टोळीवाल्याने सिनेटच्या समितीपुढे संघटनेची रचना उघड केली होती. त्या तपशिलांत पुझो यांनी जुगाराच्या अड्ड्यांवर कानी पडलेले किस्से मिसळले. पण पुस्तक उभे राहिले ते कुटुंबाच्या चित्रणावर. इटालियन घरांत मुले आईवडिलांच्या वडीलधाऱ्या स्नेह्यांनाही धर्मपिता म्हणत. त्या घरगुती शब्दाला टोळीप्रमुखाचा अर्थ आपल्या कादंबरीमुळे मिळाला, असे पुझो सांगत. डॉन बोलू लागला की आपल्याला आपल्या आईचाच आवाज ऐकू येई, असेही त्यांनी नमूद केले आहे. तिचे शहाणपण, तिचा निष्ठुरपणा, कुटुंबावरची तिची अढळ माया आणि मानमरातबाची तिची जाण हे सारे कोर्लिओनेच्या अंगी आले. आधीच्या कादंबरीत जिला वाचक मिळाले नाहीत, तीच बाई आता पुरुषाच्या वेषात आणि हातात पिस्तुले असलेल्या माणसांसह वाचकांपुढे येत होती.

जुलै १९६८ मध्ये त्यांनी हस्तलिखित सोपवले, तेही घाईने. एरिकाने वीस वर्षांत माहेरचे तोंड पाहिले नव्हते. या वर्षी नक्की नेईन, असा शब्द पुझो यांनी दिला होता. त्यासाठी आगाऊ रकमेचा १,२०० डॉलरचा शेवटचा हप्ता हवा होता. मजकुरावर अजून हात फिरवायचा आहे, तोवर कोणाला दाखवू नका, असे प्रकाशकाला बजावून ते सहकुटुंब युरोपला गेले आणि क्रेडिट कार्डांवर नवे कर्ज करून परतले. दरम्यान प्रकाशकाने हस्तलिखित पुढे धाडले होते आणि पेपरबॅक हक्कांसाठी बोली लागत होती. अखेर ४,१०,००० डॉलरवर व्यवहार ठरला. त्या काळात तो विक्रमच होता. पुझो यांनी आईला फोन केला. आकडा तीनदा सांगितला तरी तो तिच्या पचनी पडेना. शेवटी तिने एवढेच बजावले, की ही गोष्ट कोणाकडे बोलू नकोस. घरच्यांना कळवताना मात्र तिने ती रक्कम चाळीस हजारच सांगितली. तेवढीही तिच्या हिशेबात अफाट होती.

मार्च १९६९ मध्ये 'द गॉडफादर' प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत ती ६७ आठवडे राहिली आणि दोन वर्षांत तिच्या ९० लाखांहून अधिक प्रती खपल्या. चित्रपटाचे हक्क पुझो यांनी त्याआधीच, गरजेपोटी, पॅरामाउंटला स्वस्तात देऊन टाकले होते. मार्लन ब्रँडो यांनी डॉनची भूमिका करावी, म्हणून त्यांनी स्वतः ब्रँडो यांना पत्र लिहिले. स्टुडिओचा सुरुवातीला या निवडीला विरोध होता. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट १९७२ मध्ये झळकला. सर्वोत्तम चित्रपट, सर्वोत्तम अभिनेता आणि कोपोला-पुझो यांना पटकथा, असे तीन ऑस्कर त्याने मिळवले. १९७४ च्या दुसऱ्या भागासाठी या जोडीला पटकथेचा ऑस्कर पुन्हा मिळाला. पटकथालेखनाचे कसलेही शिक्षण झालेले नाही, म्हणून त्यानंतर पुझो यांनी त्या विषयावरचे एक पाठ्यपुस्तक विकत आणले. त्यात अभ्यासासाठी 'द गॉडफादर'चीच पटकथा सुचवलेली होती.

यशाबरोबर रोषही आला. कष्टाने वर आलेल्या इटालियन-अमेरिकन समाजाला, आपल्या आडनावाकडे आता जग संशयाने पाहील, अशी भीती वाटू लागली. ती निराधार नव्हती. या विरोधाचे नेतृत्व मात्र जोसेफ कोलंबो यांच्याकडे गेले, आणि ते स्वतः न्यूयॉर्कच्या पाच माफिया घराण्यांपैकी एकाचे प्रमुख होते. चित्रपटात 'माफिया' हा शब्द उच्चारला जाणार नाही, या अटीवर निर्मात्यांनी त्यांच्या संघटनेशी तडजोड केली. दुसरीकडे, पुझो यांना भेटलेल्या या व्यवसायातील काही मंडळींचा, हा माणूस कधी टोळीत नव्हता, यावर विश्वासच बसेना. एका आईच्या स्वभावातून घडलेल्या डॉनमध्ये खऱ्या टोळीवाल्यांना आपलीच सुधारलेली प्रतिमा दिसत होती. खंडणी, खून आणि भीती यांवर चालणाऱ्या धंद्याला कुटुंबवत्सलतेची झूल मिळाली. पुस्तकाने गुन्हेगारीला प्रतिष्ठा दिली, हा आक्षेप पुझो यांच्यामागे कायम राहिला. आपल्या कुवतीपेक्षा खालच्या पातळीवर ते लिहिले, अधिक चांगले लिहायला हवे होते, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणी मान्य केले.

ती प्रतिमा समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आली. फिरोज खान यांचा 'धर्मात्मा' १९७५ मध्ये आला. मणिरत्नम यांच्या १९८७ मधील तमिळ 'नायकन'ने तीच चौकट मुंबईतील वरदराजन मुदलियार यांच्या आयुष्याला जोडली. पुढल्या वर्षी त्याचा हिंदी अवतार 'दयावान' आला. २००५ मध्ये राम गोपाल वर्मा यांच्या 'सरकार'मध्ये तर त्या डॉनला सुभाष नागरे हे मराठी नावही मिळाले.

पुझो पुढेही लिहीत राहिले. १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा वाटा होता. त्याच वर्षी एरिका यांचे कर्करोगाने निधन झाले. शुश्रूषेसाठी आलेल्या परिचारिका कॅरल गिनो पुढे पुझो यांच्या सहचारिणी झाल्या. १९८४ मध्ये साल्वातोरे जुलियानो या दरोडेखोराच्या आयुष्यावर बेतलेली 'द सिसिलियन' आली आणि १९९६ मध्ये 'द लास्ट डॉन'. दरम्यान १९८८ मध्ये 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम'वर दूरचित्रवाणी मालिका झाली. तीत लुसिया सांताची भूमिका सोफिया लॉरेन यांनी केली. जिच्याकडे वाचकांनी पाठ फिरवली होती, ती आई अखेर आपल्या मूळ रूपात लोकांसमोर आली, तीही मुलाच्या डॉनने मिळवून दिलेल्या नावाच्या आधाराने.

२ जुलै १९९९ रोजी लाँग आयलंडवरील बे शोर येथील राहत्या घरी हृदयविकाराने पुझो यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत 'द सोप्रानोज' ही मालिका सुरू झाली होती. तिच्यातील गुंड 'द गॉडफादर'मधील प्रसंगांची आठवण काढत दिवस घालवतात आणि आपण तसे नाही, याची खंत बाळगतात. 'ओमेर्ता' ही पुझो यांची अखेरची माफिया कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, २००० मध्ये प्रसिद्ध झाली. 'द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम'च्याही नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी १९९७ च्या आवृत्तीला पुझो यांनी स्वतः प्रस्तावना लिहिली आणि डॉन कोर्लिओनेचे खरे श्रेय आपल्या आईच्या पदरात घातले.