रुपयाचा विश्वस्त : चिंतामणराव देशमुख

जुलै १९४४. अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले होते. महायुद्ध अद्याप संपले नव्हते. मात्र युद्धानंतरच्या जगात चलनांचे व्यवहार कोणत्या नियमांनी चालावेत, हे तेथे ठरणार होते. भारत पारतंत्र्यात असल्याने त्याच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन या ब्रिटिश अर्थसदस्याकडे होते. त्याच शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते.

रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत प्रथम क्रमांक मिळवला. मध्य प्रांतातील प्रशासकीय सेवेनंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नरपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली, तेव्हा बंगालमध्ये दुष्काळाने थैमान घातले होते आणि देशभर महागाईचा भडका उडाला होता.

या महागाईचे एक मूळ लंडनमध्ये होते. युद्धासाठी ब्रिटन भारतात माल खरेदी करी, सैन्यावर खर्च करी. त्याची किंमत मात्र लंडनमधील खात्यात पौंडांच्या रूपाने जमा होई. त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा काढी. माल देशाबाहेर जाई, नोटा देशात वाढत आणि भाव चढत. सामान्य माणसाने पोटाला चिमटा घेऊन साठवलेली ही सक्तीची बचत युद्धाअखेर शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. शतकभराचा ऋणको भारत आता ब्रिटनचा धनको झाला होता. पण ते पैसे त्याला हवे तसे वापरता येत नव्हते.

ब्रेटन वूड्समध्ये भारतीय शिष्टमंडळाने हाच प्रश्न मांडला. या स्टर्लिंग शिलकेचा काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी होती. ब्रिटन व अमेरिकेने ती मान्य केली नाही. हे देणे उभयपक्षी चर्चेतून फेडू, असे आश्वासन केन्स यांनी ब्रिटनच्या वतीने दिले. नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. पुढे सोव्हिएत संघ सदस्य न झाल्याने भारत पहिल्या पाच मोठ्या भागधारकांत गणला गेला. शिल्लक मात्र टप्प्याटप्प्यानेच सुटत राहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा डॉलरच्या हिशेबाने उरलेल्या रकमेचे मोल सुमारे तीस टक्क्यांनी घटले.

फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेने भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांचे चलन सांभाळले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. देशमुखांच्याच कारकिर्दीत खासगी भागधारकांची ही संस्था राष्ट्राची झाली. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. ग्रामीण भागापर्यंत बँक पोहोचावी म्हणून १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले, तेही त्यांच्याच काळात.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरोधात जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. महाराष्ट्राच्या स्मरणात हा राजीनामा ठसठशीत राहिला; लंडनच्या खात्यात अडकलेल्या पैशाची कहाणी मात्र मागे पडली. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठ यांची धुरा त्यांनी वाहिली. 'मेघदूता'चा मराठी अनुवादही त्यांच्या नावावर आहे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

देशाची बचत दुसऱ्याच्या तिजोरीत आणि दुसऱ्याच्या चलनात असेल, तर धनकोलाही हात पसरावे लागतात. परकीय गंगाजळी कोठे आणि कोणत्या चलनात ठेवावी, यावर आजही जगभर खल चालतो. चिंतामणरावांच्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर मोठी किंमत मोजून शोधले होते.