ताराबाईंची शाळा आणि आपला हजेरीपट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार. शिपाईकाकांची घंटा, गॅदरिंगचे पडदे, गणिताच्या सरांचा धाक. मी आणखी काय सांगणार? मग वाटलं, शाळा सुटल्यावर सदतीस वर्षं मी पुन्हा शाळेतच होते, जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका म्हणून. गेल्या वर्षी निवृत्त झाले. मला शिक्षिका करणाऱ्या एका बाईंविषयी लिहावं. त्या आपल्या शाळेतल्या नव्हेत आणि मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही. मी जेमतेम सहा वर्षांची असताना त्या गेल्या. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाचं, त्यामुळे मुलींनी शिकायचं हे घरात ठरलेलंच. 1914 साली त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही. लहानग्या लेकीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्य म्हणून रुजू झाल्या. त्या काळात नवऱ्यापासून वेगळं राहून, परक्या मुलखात, परक्या भाषेत स्वतःच्या पायावर उभं राहणं काय असेल, हे आपल्यातल्या बायकांना सांगायला नको.

लेकीला कसं वाढवायचं, कुठे शिकवायचं, या काळजीतून त्यांना भावनगरची वाट सापडली. तिथे गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने वकिली सोडून 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. मार, धाक, बक्षीस आणि पहिला नंबर या चारही गोष्टींना तिथे रजा होती. 1923 साली ताराबाई तिथे गेल्या आणि सुमारे नऊ वर्षं राहिल्या. गुजराती शिकल्या, मुलांसाठी लिहू लागल्या, शिक्षकांना शिकवू लागल्या. 1926 साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुंबईला परतल्यावर 1936 साली त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. मराठी माध्यमातली बालशाळा कशी असावी, याचा तो नमुनाच ठरला.

इथवरची गोष्ट एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञ बाईची आहे. मला भावतं ते पुढचं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, नाव झालेलं असताना, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. त्यांना एक प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. माँटेसोरी बाईंची साधनं महाग, शाळेची फी वेगळी, येणारी मुलं सुखवस्तू घरांतली. मग खेड्यातल्या, पाड्यावरच्या मुलांचं काय? त्यांनी बालपणाशिवायच मोठं व्हायचं का? डिसेंबर 1945मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. सोबतीला पुण्याहून अनुताई वाघ आल्या. बालविधवा, जिद्दीने शिकलेल्या, तेव्हा पस्तीस वर्षांच्या. वर्षभरासाठी म्हणून आलेल्या अनुताई पुढे जन्मभर तिथेच राहिल्या.

शाळा उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलंच येईनात. आपल्यापैकी कुणी असतं तर पालकांना नावं ठेवून मोकळं झालं असतं. या दोघींनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुलांना जमवून बसल्या. आधी अंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि गोष्टी. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती. बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि वाड्यांमध्ये यातलं सगळं फुकट मिळतं. मोजायला मणीच लागतात असं थोडंच आहे, चिंचोकेही चालतात. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. 1975मध्ये सरकारी योजना आली आणि हे नाव देशभर गेलं. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.

1957 साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांसाठी. इथे अडचण आणखी वेगळी होती. मोठी मुलं गुरं राखायला जात, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. ताराबाईंनी मग गुरांमागे शाळा नेली. कुरणात गुरं चरत असताना झाडाखाली वर्ग भरायचा, त्याचं नाव कुरणशाळा. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. कडेवरचं भावंड पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई तिच्या वर्गात. किती साधी युक्ती! पण ती सुचायला आधी हे मान्य करावं लागतं की मुलगी गैरहजर राहते तो तिचा आळस नसतो.

ताराबाईंची शिक्षणावरची श्रद्धा मी माझ्या शब्दांत सांगायची तर एवढीच. प्रत्येक मुलाला शिकायचं असतंच. ते शिकत नसेल तर मधे काहीतरी अडलेलं असतं आणि ते शोधणं हे शिक्षकाचं काम, मुलाचं नव्हे. 1962मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. अनुताईंनी ते काम 1992पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत, पुढे नेलं.

आता माझं सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. तो रडायचा, वर्गात शू करायचा, सगळी मुलं हसायची. चार दिवस मी सहन केलं. पाचव्या दिवशी तिला सांगितलं, याला घरी ठेवूनच यायचं. ती मान हलवून गेली आणि परत आली नाही. मी हजेरीपटावर महिनाभर गैरहजेरी मांडली आणि पुढे नाव कमी केलं. नियमाने सगळं बरोबर होतं. मला त्याचं काही वाटलंही नाही.

पुढे एका प्रशिक्षणात ताराबाईंविषयी ऐकलं, मग मिळेल ते वाचलं. पाळणाघराच्या गोष्टीपाशी आले आणि मला ती मुलगी आठवली. सुट्टी होताच तिच्या घरी गेले. घराला कुलूप होतं. कुटुंब कामासाठी दुसऱ्या गावी गेलेलं होतं. ती मला पुन्हा कधी भेटली नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक वर्गात कोपऱ्यात एक झोळी टांगलेली असायची. काही अधिकारी हसले, एकाने शेराही मारला. झोळी मात्र काढली नाही. काही वर्षांनी कोसबादच्या टेकडीवर जाऊन आले. कुणाशी फारसं बोलले नाही. एका झाडाखाली थोडा वेळ बसले आणि परत निघाले.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. मेळाव्यासाठी आपण 1983च्या दहावीच्या हजेरीपटावरून यादी केली. ती पाहताना मला एक नाव आठवलं. पाचवीत ती माझ्याच बाकावर बसायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होतं. तीही कधीकधी धाकट्या बहिणीला घेऊन यायची आणि मग दोघींना घरी पाठवलं जायचं. सहामाहीनंतर ती आलीच नाही. मी बाकावर ऐसपैस बसू लागले, एवढंच मला आठवतं. तेव्हाच्या बाईंना मी मुळीच दोष देत नाही. मी स्वतः तेच केलं, तेही त्यांच्यानंतर बारा वर्षांनी.

आयोजकांना माझी एकच विनंती आहे. कार्यालयात पाचवीचा जुना हजेरीपट असेल तर तोही काढा. दहावीच्या यादीत नसलेली नावं बाजूला लिहा. आपल्यातले बरेच जण अजून गावातच आहेत, थोडी चौकशी केली तर काही जणी, काही जण सापडतील. त्यांनाही निमंत्रण जाऊ दे. ते आपलेच वर्गमित्र आहेत, मधेच त्यांचं काहीतरी अडलं, एवढंच.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे निमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन. पत्ता तेवढा शोधायला मदत करा.