ज्या बोस्टनने विकलं, तिथेच बेब रूथ शेवटचं खेळायला परत आला, पण...

आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड, तेच अमेरिकेत बेसबॉलचं. आणि या खेळातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बेब रूथ.

१९१४ मध्ये तो बोस्टन रेड सॉक्सकडून खेळायला लागला. तेव्हा तो पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. त्याच्या काळात संघाने ३ वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. तरीही १९१९ च्या डिसेंबरमध्ये मालकाने त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकून टाकलं. तिथे त्याने होम रनचा अक्षरशः पाऊस पाडला.

वय झालं तसं त्याला मॅनेजर व्हायचे वेध लागले. यांकीजने काही ते पद दिलं नाही.

१९३५ मध्ये बोलावणं आलं ते बोस्टनमधूनच, पण ब्रेव्ह्ज या दुसऱ्या संघाकडून. व्हाइस प्रेसिडेंट, असिस्टंट मॅनेजर अशी पदं मिळाली, पुढे मॅनेजर होण्याची आशाही दाखवली. खरी गोष्ट वेगळीच होती. मालक पैशांच्या अडचणीत होता आणि रूथच्या नावावर तिकिटं खपणार होती.

पहिल्याच मॅचमध्ये ४० वर्षांच्या रूथने होम रन मारला. नंतर मात्र बॅट शांत झाली. २५ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच मॅचमध्ये ३ होम रन ठोकले. तिसरा तर स्टेडियमच्या छपरावरून बाहेर गेला. तो त्याचा ७१४ वा आणि शेवटचा होम रन.

आठवडाभरात, २ जूनला, तो निवृत्त झाला. ब्रेव्ह्ज त्या सिझनला ११५ मॅच हरले.

१९४८ मध्ये रूथ गेला. ७१४ चा विक्रम १९७४ पर्यंत टिकला. मॅनेजरची खुर्ची मात्र त्याला कधीच मिळाली नाही.